क्लचचा आवाज : निदान आणि केबलची जुळवणी

सुरत शहराच्या आग्नेय भागात, लोहमार्ग आणि मिठी खाडी यांच्या परिसरात पसरलेल्या लिंबायतमध्ये धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांतून कामधंद्यानिमित्त आलेली असंख्य मराठी कुटुंबे दीर्घकाळापासून स्थायिक झालेली आहेत. यंत्रमाग, रंगाई-छपाई, शिलाई आणि रिंग रोडवरील कापड बाजारातील मालाची ने-आण ही त्यांच्या उपजीविकेची प्रमुख साधने होत. सुरतच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळा या शहरात चालतात आणि आखाजीच्या सणाला खानदेशातील आपल्या गावी जाण्याची ओढही येथील घराघरांतून तितकीच टिकून आहे. या वस्तीतील अनेकांनी गेल्या काही वर्षांत वाहन हाच व्यवसाय पत्करला आहे. कोणी रिक्षा चालवितो, कोणी मालाचा टेम्पो, कोणी शाळेच्या मुलांची ने-आण करणारी व्हॅन. तर कोणी वापरलेली लहान मोटार विकत घेऊन ती भाड्याने फिरवितो. अशा कुटुंबात गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची मिळकत बुडते, ही गोष्ट निराळी सांगावयास नको.

म्हणूनच गाडीतून येणारा अनोळखी आवाज चालकाला बेचैन करतो. त्यातही क्लचच्या बाजूने किरकिर किंवा घरघर ऐकू येऊ लागली की रस्त्याच्या कडेला मिळणारा सर्वांत स्वस्त सल्ला म्हणजे, ‘क्लचची वायर ओढून घ्या.’ पाना लावण्यास पाच मिनिटे पुरतात आणि पेडल पायाला निराळे लागते, त्यामुळे काहीतरी दुरुस्त झाले असे समाधानही मिळते. परंतु क्लचच्या आवाजांपैकी बहुतेक आवाज केबल ताणल्याने जात नाहीत. उलट, विनाकारण ताणलेली केबल काही दिवसांत चांगली क्लच प्लेट जाळून टाकते आणि ज्या कामाला पाच मिनिटे लागली त्याची भरपाई गिअरबॉक्स उतरवून करावी लागते. आवाजाचे निदान आणि केबलची जुळवणी ही दोन स्वतंत्र कामे आहेत. त्यांतील पहिले आधी करावयाचे असते.

क्लचची रचना

इंजिन चालू असतानाही गाडी उभी राहू शकते, ती क्लचमुळे. ज्यांनी यंत्रमागावर काम केले आहे त्यांना ही कल्पना नवी नाही. जुन्या पद्धतीच्या अनेक मागांवर हाताचा दांडा सरकविला की मोटर फिरत राहते आणि माग मात्र थांबतो. मोटारीत हेच काम पायाने केले जाते.

इंजिनच्या मागील टोकाला फ्लायव्हील हे जड चाक असते. त्याच्या अंगाला घर्षणाचे अस्तर असलेली क्लच प्लेट भिडलेली असते आणि तिला प्रेशर प्लेट घट्ट दाबून धरते. हा दाब देणारी स्प्रिंग ताटलीच्या आकाराची असून तिच्या मध्याकडे बोटांसारख्या पट्ट्या आलेल्या असतात. क्लच प्लेटच्या मधोमध गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट बसतो. चालकाने पेडल दाबले की केबल ओढली जाते, केबल गिअरबॉक्सवरील तरफ फिरविते, तरफेला जोडलेला फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो आणि ते बेअरिंग स्प्रिंगच्या पट्ट्यांवर दाब देते. त्यासरशी प्रेशर प्लेटची पकड सुटते, क्लच प्लेट मोकळी होते आणि इंजिनचा गिअरबॉक्सशी असलेला संबंध तुटतो.

या साखळीत एक बारकावा आहे आणि पुढील सारे विवेचन त्याच्यावर उभे आहे. पेडल मोकळे असताना रिलीज बेअरिंग आणि स्प्रिंगच्या पट्ट्या यांच्यात थोडेसे अंतर राहावे अशी योजना केबलच्या बहुतेक जुन्या गाड्यांत केलेली असते. हे अंतर चालकाला पेडलच्या सुरुवातीच्या सैल हालचालीच्या रूपाने जाणवते. कारागीर तिला ‘प्ले’ म्हणतात. येथे तिला मोकळी चाल म्हटले आहे. पेडलपासून बेअरिंगपर्यंतच्या तरफांमुळे पेडलजवळची वीसएक मिलिमीटरची चाल बेअरिंगजवळ जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरते. नटाचा अर्धा फेरा किती मोलाचा असतो हे यावरून ध्यानात येईल.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर आलेली आणि २०१४ च्या प्रारंभी जिचे उत्पादन थांबले ती मारुती ८००, तिच्या पाठोपाठ आलेली ऑम्नी आणि पुढील काळातील ऑल्टो या लहान गाड्यांत केबलचाच क्लच आहे. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात या गाड्या आजही आढळतात आणि प्रस्तुत माहिती मुख्यत्वे अशाच गाड्यांसाठी आहे. अनेक नव्या गाड्यांत केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असतो, काहींत केबल आपोआप जुळवून घेणारी असते, तर काहींत बेअरिंग पट्ट्यांना सदैव टेकलेलेच ठेवलेले असते. अशा गाडीत नट शोधण्याच्या भरीस पडू नये. तिची पुस्तिका पाहावी. रिक्षाचा हाताने दाबण्याचा क्लच केबलचाच असला तरी त्याच्या प्लेटा तेलात बुडालेल्या असतात, त्यामुळे तिचे आवाजही निराळे.

आवाज कोठून येतो

निदानासाठी हत्यार लागत नाही. शांत जागा, बंद खिडक्या, बंद रेडिओ आणि जवळ बसलेला दुसरा माणूस एवढे पुरेसे आहे. माग चालू असताना त्याचा एक ठोका चुकला तरी मान वळविणारे कान लिंबायतमध्ये घरोघरी आहेत. तेच कान येथे उपयोगी पडतात. प्रश्न एवढाच विचारावयाचा : पेडल कोणत्या स्थितीत असताना आवाज येतो आणि कोणत्या स्थितीत थांबतो?

प्रथम इंजिन बंद ठेवून पेडल सावकाश दाबावे आणि सोडावे. याच वेळी करकर किंवा चूंचूं ऐकू आली, तर फिरणाऱ्या कोणत्याही भागाचा त्यात दोष नाही, कारण काहीच फिरत नाही. पेडलची खीळ, केबलची टोके, तरफेचा सांधा अथवा आत फोर्क ज्यावर डोलतो तो टेकू यांपैकी एखादा भाग कोरडा पडलेला असतो. दुसऱ्या माणसाने बॉनेट उघडून गिअरबॉक्सजवळ कान दिला आणि चालकाने पाय हलविला की जागा बहुधा लगेच सापडते. हा सर्वांत निरुपद्रवी आवाज होय. मात्र केबल आतून तुटू लागली असली तरीही प्रारंभी असाच आवाज येतो, म्हणून केबलची टोके या वेळी डोळ्यांनी पाहून घ्यावीत.

यानंतर इंजिन सुरू करावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हँडब्रेक ओढावा आणि पेडलवरून पाय पूर्णपणे काढावा. या स्थितीत घरघर येत असेल आणि पेडल पूर्ण दाबताच ती थांबत असेल, तर सर्वसाधारण चालकाचा तर्क असा धावतो, की क्लच दाबल्यावर आवाज जातो त्याअर्थी दोष क्लचचाच आहे. हा तर्क बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. पेडल मोकळे असताना गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनबरोबर फिरत असतो. पेडल दाबल्यावर तो हळूहळू थांबतो. म्हणजे शाफ्ट थांबला आणि आवाजही थांबला. तेव्हा संशय शाफ्टला आधार देणाऱ्या गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर घ्यावयास हवा. गिअरबॉक्सचे तेल कमी झाले असेल तर हा दोष लवकर ओढवतो. म्हणून तेलाची पातळी प्रथम तपासावी. क्लच प्लेटच्या मध्यभागी असलेल्या लहान स्प्रिंगा सैल झाल्या असतील, तर याच स्थितीत घरघरीऐवजी खडखड ऐकू येते आणि इंजिनची गती थोडी वाढविली की ती पुष्कळदा कमी होते. केबलचा या दोहोंशी काडीचाही संबंध नाही.

आता पाय पेडलवर अलगद ठेवावा आणि केवळ मोकळी चाल संपेपर्यंत, म्हणजे जेथे जड लागू लागते तेथपर्यंत, पेडल न्यावे. याच क्षणी शीळ किंवा किरकिर सुरू झाली आणि पेडल आणखी दाबल्यावर ती वाढली अथवा तिचा सूर बदलला, तर रिलीज बेअरिंग खराब झाले असे समजावयास हरकत नाही. पट्ट्यांना टेकताच हे बेअरिंग इंजिनच्या गतीने फिरू लागते. त्यातील ग्रीस वाळलेले असेल तर ते ओरडून सांगते. या बेअरिंगचे ग्रीस बहुधा आत कायमचे बंदिस्त असते; ते बाहेरून भरता येत नाही. ते धुण्याचा किंवा त्यावर तेल सोडण्याचा उपद्व्याप करू नये, कारण ते तेल शेवटी क्लच प्लेटवर जाऊन बसते.

मोकळी चाल शून्यावर आली की बेअरिंग पट्ट्यांना दिवसभर घासत राहते आणि लवकर झिजते. गर्दीत पाय पेडलवर टेकवून ठेवणारा चालकही नकळत तेच घडवीत असतो. लिंबायतच्या गरनाळ्यापाशी किंवा बाजाराच्या वेळी सहारा दरवाज्याकडे जाताना गाडी पावलापावलाने सरकते आणि पाय क्लचवरून उठत नाही. बेअरिंगचे अर्धे आयुष्य तेथेच संपते. एकदा ते झिजले की केबल सैल करून आवाज तात्पुरता लपविता येतो, कारण पेडल मोकळे असताना बेअरिंग फिरेनासे होते. पण पाय पडला की आवाज पुन्हा हजर. ही दुरुस्ती नव्हे.

क्वचित एखाद्या गाडीत पेडल पूर्ण दाबून गिअर टाकल्यावरच बारीक किंचाळी ऐकू येते आणि पेडल सोडताच ती थांबते. फ्लायव्हीलच्या मध्यभागी इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारे लहान पायलट बेअरिंग असेल, तर तेथे पाहावे. सर्वच गाड्यांत ते नसते.

गाडी हलण्याच्या क्षणी सारे अंग थरथरणे ही तक्रार निराळ्या जातीची आहे. प्लेटवर तेल गेले असेल, अस्तर झिजून रिव्हेट वर आले असतील किंवा फ्लायव्हीलवर जळाल्याचे निळसर डाग पडले असतील, तर पकड एकसारखी बसत नाही. अर्थात क्लचला दोष देण्यापूर्वी इंजिनाची रबरी बैठक तपासणे शहाणपणाचे. ती फाटलेली असली तरी थरथर अगदी तशीच होते आणि तिची किंमत क्लचच्या मानाने किरकोळ असते.

खाडीचे पाणी

या भागातील चालकांना एका कारणाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी फुगली आणि सुरत शहराचा फार मोठा भाग जलमय झाला, ही आठवण सर्वांना आहे. परंतु तापीला पूर नसतानाही, मुसळधार पावसात मिठी खाडी भरून लिंबायतच्या सखल गल्ल्यांत पाणी शिरते. चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यात उभी राहिलेली गाडी बाहेरून धुऊन स्वच्छ होते. पण क्लचच्या कवचात शिरलेले पाणी आत ओल व गाळ ठेवून जाते.

त्याचे परिणाम तीन प्रकारचे दिसतात. फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ थर चढतो आणि सुरुवातीचे काही वेळा गाडी उचलताना खरखर व थरथर होते. थोडे चालविल्यावर ती बहुधा आपोआप जाते. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. मग पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही. या वेळी केबल ताणण्याचा मोह अनावर होतो, परंतु चिकटलेली प्लेट केबलने सुटत नाही आणि पुढे ती सुटल्यावर ताणलेली केबल तशीच राहून जाते. तिसरा परिणाम उशिरा कळतो. केबलच्या आवरणात गेलेले पाणी आतील तारेला गंज आणते आणि रिलीज बेअरिंगचे ग्रीस धुऊन नेते. पावसाळ्यातील पाण्याचा आवाज दिवाळीच्या सुमारास ऐकू येतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

केबलची जुळवणी

केबलची जुळवणी आवाजासाठी करावयाची नसते, तर मोकळी चाल बिघडल्याची खूण मिळाली असेल तेव्हा करावयाची असते. ती दोन उलट कारणांनी बिघडते. केबलची तार कालांतराने किंचित ताणली जाते, तेव्हा चाल वाढते. पेडल तळाला गेले तरी क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना, विशेषतः रिव्हर्स टाकताना, कर्कश घासणे ऐकू येते. याउलट क्लच प्लेटचे अस्तर झिजते तेव्हा प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, स्प्रिंगच्या पट्ट्यांची आतील टोके बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात आणि चाल कमी होते. ती संपली की बेअरिंग पट्ट्यांना सतत दाबून धरते, पकड ढिली पडते आणि प्लेट घसरू लागते. इंजिनचा आवाज चढतो पण गाडीचा वेग चढत नाही; जळका वास येतो. पहिल्या दोषात केबल घट्ट करावयाची, तर दुसऱ्यात सैल. ‘वायर ओढून घ्या’ हा सल्ला घसरणाऱ्या क्लचला दिला तर त्याचे पर्यवसान कशात होते हे आता उघड आहे. शहरातील सपाट रस्त्यावर असा क्लच काही दिवस निभावून नेतो. पण आखाजीला कुटुंब आणि सामान घेऊन धुळ्याच्या मार्गावर निघालेली गाडी विसरवाडी सोडून कोंडाईबारीच्या घाटाला लागली की त्याचे खरे स्वरूप प्रकट होते.

काम सपाट जागेवर, इंजिन बंद व थंड असताना, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड लावून करावे. पेडलखालील पायपुसणे काढून टाकावे. दुमडलेल्या जाड पायपुसण्यामुळे पेडल तळापर्यंत न गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. नंतर फूटपट्टी पेडलशेजारी उभी धरून पेडलची उंची पाहावी. पेडल हाताने दाबावे, पायाने नव्हे. पायाला हलक्या व जड दाबातील फरक कळत नाही. हलकी हालचाल संपून जड लागू लागते तेथे पुन्हा उंची पाहावी. दोहोंमधील अंतर ही मोकळी चाल होय. लहान गाड्यांत ती साधारणतः १५ ते २५ मिलिमीटर असते, तथापि गाडीच्या पुस्तिकेतील आकडा हाच अखेरचा मानावा.

पाना हाती घेण्यापूर्वी केबल टोकापासून टोकापर्यंत पाहावी. आवरण फाटलेले, वितळलेले किंवा तीव्र वळणावर दुमडलेले असेल, अथवा टोकाजवळ तारेचा एक जरी पीळ तुटलेला असेल, तर जुळवणी करण्यात अर्थ नाही, केबल बदलावी. पेडलची खीळ व तरफेचा सांधा येथे थोडे ग्रीस लावावे. आतून नायलॉनचे अस्तर असलेल्या केबलीत मात्र पुस्तिकेत तसे सांगितले नसेल तर तेल सोडू नये.

जुळवणीचा नट बहुधा गिअरबॉक्सवरील तरफेजवळ, केबलच्या आटे पाडलेल्या टोकावर असतो. आटे तारेच्या ब्रशने साफ करून नटाबाहेर किती आटे दिसतात ते मोजून ठेवावे. काही गाड्यांत एकच नट असतो, तर काहींत त्याला अडविणारा चेक नट. तो प्रथम सैल करावा. केबलचे टोक पक्कडीने धरून ठेवले नाही तर नटाबरोबर तारही पिळली जाते आणि पुढे तेथेच तुटते. नट आटे चढवीत आत नेला की मोकळी चाल कमी होते आणि मागे घेतला की वाढते. एका वेळी अर्धाच फेरा द्यावा, पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडावे आणि पुन्हा मोजावे. चेक नट आवळल्यावर आणखी एकदा मोजणे आवश्यक आहे, कारण आवळताना चाल थोडी सरकते.

त्यानंतर इंजिन सुरू करून पेडल पूर्ण दाबावे, तीन-चार सेकंद थांबावे आणि रिव्हर्स टाकावा. घासण्याचा आवाज न होता तो पडला तर क्लच पुरता सुटतो आहे. मग मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून पाहावे. इंजिनची गती आणि गाडीचा वेग बरोबरीने वाढले तर पकडही पुरी आहे. या दोन्ही कसोट्या एकाच जुळवणीत उतरावयास हव्यात. एक उतरते आणि दुसरी उतरत नाही अशी स्थिती असेल, तर नटाशी झगडत बसू नये. दोष आत आहे.

नटाचे आटे संपले असल्यास ते कोणत्या दिशेला संपले हे पाहावे. वारंवार घट्ट करून संपले असतील तर केबल ताणली आहे किंवा तरफ-फोर्क वाकला आहे. वारंवार सैल करून संपले असतील तर क्लच प्लेटचे आयुष्य सरले आहे. प्लेट बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरविलाच, तर रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलून घ्यावे, कारण मजुरीचा खरा भाग गिअरबॉक्स उतरविण्याचाच असतो. कवचात साचलेली काळी भुकटी हवेच्या नळीने उडविण्याची पद्धत मात्र सोडून द्यावयास हवी. जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना अपाय करते. ती ओल्या फडक्याने पुसून काढावी व फडके पिशवीत बांधून टाकावे.

काम आटोपल्यावर तारीख, गाडीने कापलेले किलोमीटर, मोजलेली मोकळी चाल आणि नटाबाहेरील आट्यांची संख्या या चार गोष्टी गाडीतील वहीत लिहून ठेवाव्यात. पुढील खेपेस चाल वाढली आहे की घटली आहे हे त्या नोंदीवरून कळते आणि दोष केबलचा की प्लेटचा, याचे अर्धे उत्तर बॉनेट उघडण्यापूर्वीच हाती येते.